किडनीचं ऑपरेशन दुर्बिणीने, मग बिडीची चौकशी कशाला?

सिंहगड रोडच्या ताई, तुम्ही विचारलंत की बाबांची किडनी दुर्बिणीने काढायची आहे, तरी भूलतज्ज्ञ छातीचा फोटो आणि बिडीचाच विषय का घेऊन बसले. वीसेक वर्षं पुण्यात भूलच देतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भोकं लहान असली तरी आत जागा व्हायला पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवावं लागतं, पाऱ्याच्या साधारण १२ ते १५ मिलिमीटर दाबाने. हा गॅस श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा पडदा, वर ढकलतो. त्यात किडनीसाठी पेशंटला कुशीवर घेऊन टेबल कमरेत मोडतात. खालचं फुफ्फुस दबतं. रक्त त्याच्याकडे जास्त जातं आणि हवा वरच्यात. गॅस सुरू व्हायच्या आधी मशीनवर श्वासाचं प्रेशर १८ असेल, तर थोड्या वेळात २६-२७ दिसतं. श्वास तेवढाच, पण आत ढकलायला जोर जास्त. शिवाय गॅस रक्तात मुरतो. तो बाहेर काढायला मिनिटाला १२ श्वासांचे १६ करावे लागतात. धड फुफ्फुस हे निभावतं. बिडीने पोखरलेलं अडतं, आणि वर फसवतंही: बाहेर सोडलेल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा मशीनवर ठीक दिसतो, रक्तात मात्र गॅस साठलेला असतो. म्हणून अशा पेशंटचं धमनीतलं रक्त मध्येच तपासतो.

(शेजारच्या काकांचं मुतखड्याचं 'दुर्बिणीचं' ऑपरेशन पाठीतून झालं असेल, तर ते वेगळं. त्यात पोटात गॅस नसतो. बहुधा पालथं झोपवतात. उशा नीट लावून पोट मोकळं ठेवलं की श्वासाचं फार अडत नाही.)

म्हणून घाबरून मोठा छेद मागू नका. कुशीतला तो छेद इतका दुखतो की पेशंट खोकायलाही धजत नाही, आणि कफ साठतो.

बिडी आजच बंद. तीन चेंडूंचं श्वासाचं यंत्र आत्तापासून घरी ओढू द्या. पर्वती चढताना बाबा किती वेळा थांबतात, तेही भूलतज्ज्ञांना सांगा. मी तर हे हमखास विचारतो. ऑपरेशननंतर खांदा दुखला तर बहुतेकदा तो उरलेल्या गॅसचा प्रताप: श्वासपटलाची नस मानेतूनच येते, त्यामुळे दुखणं खांद्यात जाणवतं. दोन-तीन दिवसांत जातं. धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर मात्र रात्रीचे दोन वाजलेले असले तरी सिस्टरना उठवा.