नॅक्सॉसहून कूफोनीसियासारख्या छोट्या ग्रीक बेटांवर फेरीने जायचंय, काय सांभाळावं?

नॅक्सॉस आणि अमोर्गोसच्या मध्ये इराक्लिया, स्खिनूसा, कूफोनीसिया, दोनूसा ही चिमुकली बेटं आहेत. त्यांना जोडणारी छोटी बोट म्हणजे 'एक्सप्रेस स्कोपेलितिस'. नावातच काय ती एक्सप्रेस! उघड्या समुद्रात ती चांगलीच डोलते. उलटीची गोळी निघण्याआधीच घ्या.

खरी अडचण वाऱ्याची. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्तेमी सुटतो आणि जोर वाढला की बोटींना बंदर सोडायची परवानगीच मिळत नाही. त्यामुळे परतीचं विमान अथेन्सहून असेल तर आदली रात्र या बेटांवर काढू नका, अथेन्स गाठा. आणि हो, बोट धक्क्याला फार वेळ थांबत नाही. रॅम्प खाली येण्याआधीच बॅगा घेऊन तयार राहा.