सूर्य चौथ्या दिवशी, मग आधीचे तीन दिवस मोजले कसे?

प्रश्न: आमच्या चादर कारखान्यातला दोस्त ख्रिश्चन आहे. गड्ड्याच्या जत्रेत पाळण्याच्या रांगेत त्याला विचारलं की बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकात, जगाच्या निर्मितीच्या पहिल्या अध्यायात सूर्य चौथ्या दिवशी येतो, मग आधीचे दिवस कशावरून? तो नुसता हसला. तुम्ही पण चर्चवाले, तुम्ही सांगा. – एक वाचक, सोलापूर

उत्तर: दादा, प्रश्न लय जुना आहे, संत ऑगस्टीन या ख्रिस्ती धर्मपंडिताला १६०० वर्षांपूर्वी हाच पडला होता आणि हे आपले नेहमीचे दिवस नव्हेत असंच त्याचं मत होतं. मी ते कवितेसारखं वाचतो, बघा, पहिल्या तीन दिवसांत उजेड, आकाश-पाणी, जमीन अशा जागा तयार होतात आणि पुढच्या तीन दिवसांत त्याच क्रमाने सूर्य-चंद्र, मासे-पक्षी, जनावरं-माणूस भरले जातात. दुसऱ्या अध्यायात तर उलटं, माणूस आधी अन् झाडं नंतर, म्हणजे वेळापत्रक सांगायचंच नव्हतं. काही मंडळी मात्र २४ तासांचाच दिवस धरतात.

आता तुम्ही विचाराल, मग येशूचं पुनरुत्थान, म्हणजे मेल्यावर पुन्हा जिवंत होणं, पण कविताच का? नाही, ते मी खरंच घडलं असं मानतो, कारण येशूचा प्रेषित पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळींना पत्रात स्पष्ट लिहितो की ख्रिस्त उठला नसेल तर विश्वास व्यर्थ. पण रेघ कुठं मारायची हे थोडंफार मीच ठरवतो, तिथं तुम्ही मला पकडू शकता.