‘आधी चंपीचं काय ते सांगा’

मी समुपदेशन करते. एका काकूंच्या मुलाने फोनवर मला कामच नेमून दिलं. “मॅडम, पूर आला की घर सोडायचं, एवढं आईच्या गळी उतरवा. बाकी काही नको.” तो पुण्यात नोकरीला. आई सांगलीत, नदीकाठच्या जुन्या वस्तीत एकटी. एकटी म्हणजे सोबतीला चंपी, एक गावठी कुत्री. २०२१च्या जुलैत पाणी दारात आलं, बोट आली, पण बाई उतरल्या नाहीत. चंपीला घेऊन तीन दिवस गच्चीवर बसल्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.)

काकू आल्या त्याच तयारीने. “तुम्ही काय सांगणार ते ठाऊक आहे मला. आधी चंपीचं काय ते सांगा, मग माझं.”

मे-जून उजाडला की हा प्रश्न घेऊन येणाऱ्या त्या एकट्याच नाहीत. कुणाचं मांजर असतं, कुणाच्या दोन म्हशी. घरचे म्हणतात हट्ट आहे, वय झालंय. मला तसं वाटत नाही. ज्याला ‘जनावराला कुठे ठेवू’ याचं उत्तर कुणी दिलेलं नाही, तो माणूस जागचा हलत नाही, एवढीच गोष्ट. हे मी मुलाला सांगितलं तेव्हा तो हसला. मग त्याला अमेरिकेतलं उदाहरण दिलं. २००५मध्ये कॅटरिना वादळात न्यू ऑर्लिन्सचे कितीतरी लोक पाळीव प्राण्यांपायी घरीच थांबले. पुढच्याच वर्षी तिथे कायदा झाला, की आपत्तीत लोकांना हलवण्याच्या योजनेत त्यांच्या प्राण्यांचाही विचार झाला पाहिजे. आपल्याकडे २०१९च्या महापुरात म्हशींसाठी गोठ्यात थांबलेली माणसं तर त्याने स्वतः पाहिली होती. मग तो हसायचा थांबला.

२०१९चं काकू पहिल्या दोन भेटींत बोलल्याच नाहीत. तिसऱ्या वेळी बोलल्या. चंपीच्या आधी राजा होता. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. बोटवाले म्हणाले, दहा मिनिटांत निघा, जनावर नको. राजा बोटीमागे उडी मारेल म्हणून काकूंनी त्याला जिन्यात साखळीने बांधला, भाकरी आणि पाणी ठेवलं. दोन दिवसांत परत येऊ असं सगळेच म्हणत होते. परतल्या नवव्या दिवशी.

काय दिसलं ते मी विचारलं नाही. त्यांनीच एक वाक्य सांगितलं. “साखळी तशीच होती, मॅडम.”

मुलगा तेव्हा त्यांना म्हणाला होता, “कुत्रंच होतं ना, दुसरं आणू.” आणलंही त्याने, चंपी त्याचीच. आईवर जीव आहे त्याचा. पण त्या एका वाक्याने काकूंचं तोंड बंद झालं ते झालंच. माणूस गेला तर लोक भेटायला येतात, कुत्र्यासाठी कोण येणार?

‘तुमची काही चूक नव्हती’ असं मी म्हटलं नाही, कारण त्यांना ते पटलं नसतं. मी फक्त त्या दहा मिनिटांचा हिशोब मागितला. लाइट होती का, कोण काय म्हणालं, त्या क्षणी तुम्हाला काय माहीत होतं. सांगता सांगता त्याच थांबल्या. “नऊ दिवसांचं कुणालाच माहीत नव्हतं की.” मग बराच वेळ रडल्या. त्या दिवशी मी दुसरं काहीच काढलं नाही.

पण धास्ती नुसत्या बोलण्याने जात नाही. जूनपासून त्यांची झोप उडायची. रात्री तीन वाजता उठून कोयनेतून किती पाणी सोडलं ते मोबाइलवर बघायच्या. म्हटलं, बघतच असाल तर पुलाजवळच्या पातळीचा आकडा बघा, त्याचा उपयोग करू. इशाऱ्याची पातळी ४० फूट. त्यांच्या भिंतीवरच्या खुणा विचारल्या आणि वहीत लिहून घेतलं: ३५ फूट झाले की निघायचं, पाऊस थांबलेला असला तरी. तेव्हा रिक्षा मिळते, आणि रिक्षात कुत्र्याला बसवायचं की नाही ते आपण ठरवतो. बोटीची वेळ आली की ते दुसरं कुणीतरी ठरवतं.

जायचं कुठे, हा मे महिन्यात विचारायचा प्रश्न. नणंदेने नाही म्हटलं, नात कुत्र्याला घाबरते. काकू चिडल्या. मला मात्र बरं वाटलं, कारण हा नकार ऐन पुरात मिळाला नाही. शेवटी मिरजेच्या भाच्याने गोदामातली खोली देऊ केली.

मग चंपीची शाळा. जाळीचा पिंजरा आणला, दार उघडं ठेवून रोज जेवण आतच. चार दिवस तिने मानच आत घातली, पंधराव्या दिवशी झोपायला लागली. साखळी नाही, छातीला बसणारा पट्टा आणि दोरी. गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबर. रेबीजची आणि लेप्टोस्पायरोसिसची लस झालेली हवी; पुराच्या पाण्यात उंदरांचं मूत मिसळलेलं असतं, ते कुत्र्यालाही बाधतं आणि आपल्यालाही. पिशवीत आठवड्याचं खाणं, लसीचं कार्ड प्लास्टिकमध्ये, काकूंची जुनी साडी, दोघींचा एकत्र फोटो. तोंडाला बांधायला मऊ पट्टीही. “चंपी चावत नाही हो!” घाबरलं की आपलं कुत्रंही चावतं, काकू. (मांजरवाल्यांना जाता जाता सांगते: मांजर ऐन वेळी माळ्यावर नाहीसं होतं. पाणी वाढायला लागलं की आधी त्याला एका खोलीत कोंडा, मग बॅग भरा.)

शेवटच्या भेटीत त्यांनी ज्याची मला भीती होती ते विचारलं. “एवढं सगळं करून शेवटी बोटच आली, आणि चंपीला नको म्हणाले तर?”

“तर तुम्ही बोटीत बसायचं. चंपीला मोकळी सोडायची. जिना गच्चीपर्यंत उघडा, खाणं-पाणी वर. दारावर मोठ्या अक्षरात लिहायचं, ‘वर कुत्री आहे’, खाली नंबर. आणि उतरल्यावर जो पहिला माणूस भेटेल त्याला सांगायचं.”

“राजाला मोकळा सोडला असता तर वाचला असता?”

“मला माहीत नाही, काकू.”

त्यांनी मान हलवली. खोटं बोलले असते तर पुन्हा आल्या नसत्या, असं वाटतं.

गेल्या पावसाळ्यात त्यांचा मिरजेहून फोन आला. पाणी ३५ फुटांवर गेलं तसं निघाल्या होत्या. गल्लीत पाणी आलंच नाही, शेजारीण हसते म्हणाल्या. वर रिक्षावाल्याने कुत्रीचे पन्नास रुपये जादा घेतले.

“दिलेत?”

“दिले की. आणि पुढच्या वर्षासाठी त्याचा नंबरही घेऊन ठेवला.”