युनियनमध्ये गेल्यावर पुढं काय झालं, ते शोध

बाळ,

तुझा सिनॉप्सिस दोनदा वाचला. युरोपियन युनियनमध्ये गेल्यावर देशाचा पर्यावरणाचा कारभार कसा बदलतो, हा विषय खानापूर तालुक्यातली पोरगी घेते याचा मला खरंच आनंद झालाय. आणि आपल्याला हा विषय लांबचा नाहीच. 1 नोव्हेंबर 1956 ला आपला बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका तेवढा सोडून, मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि तेव्हापासून घराघरात एकच विषय, आपण कुठं असायला पाहिजे होतं. तो विषय मी हलका मानत नाही, माझं मत तुला माहीत आहे. पण वरचं सरकार बदललं की नाल्याचं, जंगलाचं, विहिरीचं नेमकं काय होतं, आपला अर्ज कुणाच्या टेबलावर जातो आणि तिथनं पुढं हलतो का, हे कागद घेऊन बसून आपल्यातल्या फार थोड्यांनी तपासलंय. तू ते करशील असं वाटतं, म्हणून एवढं लांबड लावतोय.

तू निम्म्याहून जास्त पानं सामील होण्याआधीच्या वर्षांवर घातलीस. ते साहजिक आहे, त्याचे कागद भरपूर मिळतात. 1 मे 2004 ला दहा देश एकदम आत आले, त्याआधी पाणी, हवा, कचरा, पक्षी, जंगल यावरचे युरोपचे शेकडो कायदे त्यांना आपापल्या कायद्यात घ्यावे लागले, हा पाहिजे तो नको असं चालत नव्हतं, फार तर मुदत मागता यायची. पोलंडनं शहरांच्या सांडपाण्यासाठी 2015 अखेरपर्यंत मुदत घेतली. लिथुआनियाला तर इग्नालिनाचं अणुवीज केंद्र, चेर्नोबिलच्याच जातीच्या रिअॅक्टरचं, बंद करायचं कबूल करावं लागलं, पहिलं युनिट 2004 अखेर आणि दुसरं 2009 अखेर, आणि देशाची बरीचशी वीज तिथनंच यायची बघ. बाहेर उभा असलेला देश ऐकतो. प्रवेश पाहिजे असतो ना.

पण माझं म्हणणं असं की खरी परीक्षा आत गेल्यानंतर सुरू होते. तेव्हा प्रवेशाची भीती संपलेली असते, सरकारं बदलतात, आणि कायदा जिवंत ठेवायला कुणीतरी तक्रार करणारा लागतो. तुझा थिसिस तिथं ने.

ब्यालोव्हिएझाचंच घे. पोलंड आणि बेलारूसच्या सीमेवरचं हे जुनं जंगल, गव्यासारख्या दिसणाऱ्या युरोपियन बायसनचं घर. 2016 च्या मार्चमध्ये पोलंडच्या मंत्र्यांनी तिथली तोड जवळपास तिप्पट करायला परवानगी दिली, कारण सांगितलं स्प्रूसच्या झाडांना लागलेली कीड. पुढच्याच महिन्यात तिथल्या पर्यावरण संस्थांनी युरोपियन कमिशनकडे, म्हणजे युनियनचे कायदे पाळले जातात का ते बघणाऱ्या यंत्रणेकडे, तक्रार केली, कमिशन युनियनच्या कोर्टात गेलं, जुलै 2017 मध्ये कोर्टानं तोड थांबवा म्हणून अंतरिम आदेश काढला, आणि तरी मशीन चालूच राहिल्या. मग नोव्हेंबरमध्ये कोर्टानं सांगितलं की आदेश मोडाल तर दिवसाला किमान 1 लाख युरो. तेव्हा कुठं तोड थांबली. 17 एप्रिल 2018 ला अंतिम निकालही पोलंडच्या विरोधात गेला. आता तू हे बघ की 1992 चं हॅबिटॅट्स डायरेक्टिव्ह, म्हणजे प्राणी-वनस्पतींच्या अधिवासांचा युरोपचा कायदा, पोलंडच्या कायद्यात आधीपासून होतंच, कागदावर काही कमी नव्हतं. ते जंगल वाचलं ते तक्रार, कोर्ट आणि रोजचा दंड या साखळीनं, आणि साखळीची पहिली कडी त्याच देशातली माणसं होती. सिनॉप्सिसमध्ये ही माणसं कुठंच नाहीत. त्यांना आण.

आणि मी तुला फक्त गोड बाजू सांगणार नाही. तुरूफची कोळसा खाण पोलंडात, पण चेक हद्दीला चिकटून, आणि खाणीमुळं चेक गावांचं भूजल खाली चाललं. उहेल्ना नावाचं छोटं गाव आहे, तिथल्या लोकांना आपल्या विहिरींची धास्ती. फेब्रुवारी 2021 मध्ये चेक सरकारनं पोलंडवर युरोपियन कोर्टात केस घातली, एका सदस्य देशानं दुसऱ्यावर, असं फार क्वचित होतं. मे मध्ये कोर्टानं काम थांबवायला सांगितलं, पोलंडनं ऐकलं नाही, सप्टेंबरमध्ये दिवसाला 5 लाख युरो दंड लागला, तोही भरला नाही तेव्हा कमिशननं पोलंडला मिळणाऱ्या फंडातून कापून घेतला. फेब्रुवारी 2022 मध्ये दोघांत समझोता झाला, पोलंडनं चेकला 4.5 कोटी युरो दिले, केस मागं घेतली गेली, आणि खाण चालूच राहिली. गावाला काय मिळालं, हा प्रश्न तुझ्या चॅप्टरमध्ये उघडा राहिला तरी चालेल, उलट राहूच दे.

ही केस वाचताना मला आपली कृष्णा आठवते. पंचगंगा कोल्हापूर, इचलकरंजीची घाण घेऊन नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते आणि तेच पाणी खाली आपल्या चिकोडी, अथणीकडं येतं. पंचगंगेच्या घाणीची तक्रार हरित लवादाच्या पुणे बेंचकडं, आणि हद्दीच्या अलीकडं नदीचं काही बिघडलं तर कर्नाटक म्हणून चेन्नई बेंच. प्रदूषण मंडळं दोन, लॅब दोन, आणि नदी एक. युरोपात 2000 सालचं वॉटर फ्रेमवर्क डायरेक्टिव्ह सांगतं की नदीचं अख्खं खोरं हेच कारभाराचं युनिट धरा, सरहद्द आडवी आली तर दोन्ही देशांनी मिळून बसा, आणि पाणी चांगल्या स्थितीत आणा, मुदत 2015, वाढवून 2027. सगळ्यांना ते जमलेलं नाही, पण मोजमाप काय आहे बघ, पाण्याची तब्येत. आपल्याकडं म्हादईचं काय झालं? 2018 च्या पाणीवाटप लवादाच्या निवाड्यात कर्नाटकाला 13.42 टीएमसी, गोव्याला 24, महाराष्ट्राला 1.33. कुणाला किती, एवढ्यावर सगळी भांडणं, आणि कणकुंबीच्या झऱ्यांचं काय, भीमगडच्या जंगलाचं काय, हे मागच्या बाकावर. मला हे मनापासून लागतं.

अजून एक गोष्ट तुझ्या घरची आहे. जनसुनावणीला तू आलेलीस, आठवतं का, मांडवात अडीचशे माणूस, समोर टेबलावर जाडजूड अहवाल इंग्रजीत, सारांश कन्नडमध्ये, आणि पहिल्या रांगेतल्या बायका एकमेकींना विचारत होत्या, आपली जमीन ह्यात आहे का नाही. 2006 च्या ईआयए, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते तपासायच्या, नोटिफिकेशनमध्ये जनसुनावणी आहे, स्थानिक लोकांना सारांश द्यायचाय, सगळं आहे. पण वाचताच येत नसलं तर बोलणार काय? युरोपात आरहूस करार आहे, 1998 चा, माहिती मिळण्याचा, निर्णयात बोलण्याचा आणि कोर्टात जाण्याचा हक्क, तिन्ही एकत्र. नव्या सदस्य देशांत हा हक्क गावापर्यंत पोचला का, कुठल्या भाषेत पोचला, हे विचार. पोलंडातले पोलिश न बोलणारे, स्लोव्हाकियातले हंगेरियन बोलणारे लोक, त्यांना कागद कुठल्या भाषेत मिळतो? हा प्रश्न सीमाभागातल्या माणसाला सुचतो, ब्रुसेल्समध्ये बसलेल्याला सुचेलच असं नाही.

जुने सदस्य सुटलेत असंही समजू नको. दंड पहिल्यांदा बसला तो ग्रीसला, जुलै 2000 मध्ये, क्रीट बेटावरच्या कचऱ्याच्या डेपोसाठी, दिवसाला 20 हजार युरो. नवे देश मागासलेले आणि जुने शहाणे असं लिहिलंस तर मी पान परत पाठवीन.

ब्रिटनवर एक छोटा भाग घाल, बाहेर पडल्यावर काय गेलं ते बघायला. कमिशनकडं तक्रार करायची वाट बंद झाली, म्हणून 2021 च्या कायद्यानं त्यांना स्वतःची देखरेख करणारी नवी संस्था उभी करावी लागली. ती सरकारनंच नेमलेली, पैसाही सरकारचाच, आणि कमिशनसारखा दिवसाच्या दंडाचा मार्ग तिच्याकडं नाही. आत असण्याची किंमत बाहेर गेलेल्याकडनं चांगली कळते.

आता काम. देश दोनच घे, पोलंड आणि लिथुआनिया, दहा घेतलेस तर तीन वर्षांत काही हाती लागणार नाही. युरोपियन कोर्टाचे निकाल फुकट वाचायला मिळतात, ब्यालोव्हिएझाच्या केसचा नंबर सी-441/17, तुरूफचा सी-121/21. निकालातला फक्त शेवट वाचू नको, सुरुवातीला तारखा असतात, तक्रार कधी, नोटीस कधी, उत्तर कधी, त्या सगळ्या वहीत उतरव आणि मधल्या काळात किती झाडं गेली ते शेजारी लिही. दिवाळीपर्यंत ही वही झाली पाहिजे. पहिला चॅप्टर नंतर लिही.

तुझा,
सर