डेक्सा स्कॅनची धास्ती सोडा, त्या पंधरवड्यातल्या गोळ्यांचं आधी विचारा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. खानापूरहून वहिनींना वजन कमी करण्याच्या ऑपरेशनसाठी बेळगावला नेताय, त्याआधी दोन आठवडे अगदी कमी खाण्याचं पथ्य आहे, आणि पथ्याआधी व नंतर डेक्सा स्कॅन असलेल्या एका संशोधनात त्यांना घ्यायचं म्हणतायत. घरात रेडिएशनची भीती बसलीय आणि सासूबाईंना पथ्यच पटत नाही. मी काही वर्षं एका हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीवर (संशोधनात भाग घेणाऱ्यांचं हित बघणारी समिती) डॉक्टर नसलेला सदस्य म्हणून असले कागद वाचत आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डेक्सा म्हणजे अगदी सौम्य एक्स-रेची तपासणी, तिच्यात चरबी, स्नायू आणि हाडं वेगवेगळी मोजतात. सगळ्या अंगाच्या एका स्कॅनचा डोस साधारण १० मायक्रोसिव्हर्टच्या आतच असतो (सिव्हर्ट हे रेडिएशन मोजायचं माप, हजार मायक्रोसिव्हर्ट म्हणजे एक मिलिसिव्हर्ट). जमीन, आकाश, अन्न यांतून माणसाला वर्षाला मिळणारं नैसर्गिक रेडिएशन जगाच्या सरासरीने २.४ मिलिसिव्हर्ट, म्हणजे दिवसाला साडेसहा मायक्रोसिव्हर्ट. दोन्ही स्कॅन मिळून घरबसल्या तीन-चार दिवसांत मिळतं तेवढंच. यासाठी झोप उडवून घेऊ नका. फक्त दिवस राहिल्याची जराशी जरी शंका असली तर स्कॅनआधी सांगायचं आणि तपासणी करून घ्यायची.

संशोधनाच्या संमतीच्या फॉर्मात सीटी स्कॅन असेल तर मात्र थांबून विचारा. पोटाच्या सीटीचा डोस ८ ते १० मिलिसिव्हर्टच्या घरात जातो, म्हणजे तीन-चार वर्षांच्या नैसर्गिक रेडिएशनइतका. उपचाराला तो लागणार असेल तर बेलाशक करा. नुसत्या संशोधनासाठी असेल तर एमआरआय किंवा सोनोग्राफीवर का भागत नाही, हे विचारायचा वहिनींना पूर्ण हक्क आहे. त्या दोन्हींत एक्स-रे नसतात.

स्कॅनच्या दिवशी मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी काढावी लागतात, कारण धातूमुळे मोजमाप चुकतं. हे घरी आदल्या दिवशीच सांगा, तिथे ऐनवेळी रडारड नको. आणि मशीनच्या टेबलाला वजनाची मर्यादा असते, ती फोनवर विचारून मगच निघा.

आता पथ्य. यकृताचा डावा भाग जठराच्या वर येतो. चरबी साठून तो फुगलेला असला की दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये सर्जनला जठरापर्यंत पोचणं अवघड होतं, उचलताना यकृताला इजाही होऊ शकते. दिवसाला ८००-१००० कॅलरींवर राहिलं की यकृतातली साखर, तिच्यासोबतचं पाणी आणि चरबी उतरते. २००६ साली ऑस्ट्रेलियातून आलेल्या एका अभ्यासात ३२ जणांना १२ आठवडे अतिशय कमी कॅलरींचं पथ्य दिलं होतं. यकृत जेवढं लहान झालं त्यातला ८० टक्के फरक पहिल्या दोन आठवड्यांतच पडला. सासूबाईंना हेच सांगा. पंधरा दिवस उगीच ठरवलेले नाहीत.

आपल्याकडे पथ्य मोडतं ते मायेपोटी. ‘ऑपरेशननंतर खाता येणार नाही, आत्ताच खाऊन घे’ म्हणून कुणी पुरणपोळी वाढतं, भेटायला येणारे कुंद्याचा बॉक्स आणतात. एकादशी आली तर साबुदाणा, म्हणजे निव्वळ पिष्ट. तो उपास वहिनींनी या वेळी सोडलेला बरा. हुलग्याचं माडगं, मुगाचं कढण, ताक, अंडी चालतील का, किती, हे आहारतज्ज्ञांकडून लिहून घ्या, कारण प्रोटीन कमी पडून चालत नाही. आणि पथ्य मोडलंच तर लपवू नका. संशोधनाचे आकडे बिघडतात हे एक, त्याहून महत्त्वाचं म्हणजे सर्जनला ते माहीत असायला हवं.

मला खरी काळजी गोळ्यांची वाटते. वहिनींना शुगर आहे असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. खाणं एकदम घटलं आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (शुगर उतरवणारी गोळी) तेवढंच राहिलं तर शुगर धोकादायक खाली जाते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या जातीची शुगरची गोळी असेल तर अशा पथ्यात रक्तात आम्ल साठू शकतं, आणि त्या वेळी मीटरवर शुगर ठीक दिसते म्हणून कुणाला संशय येत नाही. मळमळ, उलट्या, धाप लागली तर तडक हॉस्पिटल गाठा. बीपीच्या गोळ्यांचंही आधीच विचारून घ्या. स्वतःहून काही बंद करू नका. पथ्य सुरू व्हायच्या आधी कोणती गोळी किती, कधी थांबवायची, हे डॉक्टरांच्या हातचं लिहून आणा.

फॉर्म कन्नड-इंग्रजीत असेल तर मराठी प्रत मागा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे माहितीपत्रक भाग घेणाऱ्याला समजणाऱ्या भाषेत द्यावं लागतं, त्यामुळे ही मेहेरबानी नव्हे. कन्नड बोलता येणं वेगळं आणि चार पानी फॉर्म समजणं वेगळं. सही वहिनींचीच हवी, तुमच्या भावाची नव्हे. केवळ संशोधनासाठीच्या तपासणीचे पैसे त्यांनी द्यायचे नसतात. मधेच नको वाटलं तर बाहेर पडता येतं, त्याने ऑपरेशन अडत नाही. नाही म्हणाल्या तरी पथ्य आणि ऑपरेशन दोन्ही ठरल्याप्रमाणे होईल.

वहिनींच्या चालू गोळ्यांची नावं इथे टाकलीत तर डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारायचे ते मी लिहून देतो. डोस मात्र त्यांच्याकडूनच घ्या.