रुंदीकरण, जुन्या गल्ल्या आणि स्पेस सिंटॅक्स: शहापूरबद्दलच्या प्रश्नाला उत्तर

बेळगावच्या शहापुरातल्या जुन्या गल्ल्यांचं रुंदीकरण झालं तर मूळ मांडणी मोडेल, हे संगणकावर सिद्ध करता येईल का, असं तुम्ही विचारलंय. नवा जोडरस्ता काढणार असतील तर येईल. नुसतं रुंदीकरण असेल, तर ज्या ‘स्पेस सिंटॅक्स’ पद्धतीचं नाव तुम्ही घेतलंत ती जवळजवळ आंधळी आहे.

‘स्पेस सिंटॅक्स’ म्हणजे रस्ते एकमेकांना कसे जोडलेत ते मोजायची पद्धत. ती लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बिल हिलियर आणि ज्युलियन हॅन्सन यांनी उभी केली. सरळ नजर जाते तितक्या लांब रेषा, त्याही कमीत कमी, अशा रेषांनी सगळे रस्ते झाकायचे. मग एका रेषेवरून बाकी सगळ्या रेषांवर पोचायला सरासरी किती वळणं लागतात ते मोजायचं. वळणं कमी, तर ‘इंटिग्रेशन’ जास्त. या हिशेबात रुंदी कुठेच येत नाही. दोन्ही बाजूंच्या घरांचे सोपे (ओसऱ्या) पाडून गल्ली दुप्पट केली, तरी वळणं तीच राहिली तर आकडा हलत नाही. उलट तुमचाच नकाशा पुढे करून कुणीतरी म्हणेल, बघा, काहीच बिघडलं नाही.

रुंदीकरणासाठी प्लॉटची मांडणी मोजा. भूगोलतज्ज्ञ एम. आर. जी. कॉन्झेन यांनी गावाचा आराखडा रस्ते, प्लॉट आणि इमारतींचा पाया अशा तीन थरांत वाचायला शिकवलं. रस्ते टिकतात, घरं बदलतात, प्लॉटच्या हद्दी मध्ये कुठेतरी असतात. आपल्याकडची घरं तोंडाला अरुंद आणि मागे परसूपर्यंत खोल. सिटी सर्व्हेचा नकाशा क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत प्रोग्रॅममध्ये बसवा, रुंदीकरणाची प्रस्तावित रेषा वर टाका आणि प्रत्येक प्लॉटची किती खोली जाते, उरलेल्यात घर उभं राहतं का, ते काढा. गल्लीतल्या पंचांना हेच पटकन कळेल.

नवा रस्ता असेल तर डेप्थमॅपएक्स हा स्पेस सिंटॅक्सचा प्रोग्रॅम घ्या, फुकट आहे. आधीचा आणि नंतरचा नकाशा चालवा. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून भरलेल्या मोफत नकाशावर विसंबू नका. आपले बोळ त्यात हमखास सुटतात. पायी फिरून भरा. कपिलेश्वरजवळचा रेल्वे उड्डाणपूल काढताना खालच्या रस्त्याला जिथे रेषा छेदते तिथे ‘अनलिंक’ करा, म्हणजे त्या दोन रेषा जोडलेल्या नाहीत असं सांगा, नाहीतर प्रोग्रॅम त्याला चौक समजतो. आणि नकाशा शहापूरच्या वेशीवर कापू नका. कडेच्या गल्ल्या आहेत त्यापेक्षा एकट्या पडलेल्या दिसतात. खडेबाजार, टिळकवाडी, वडगाव, सगळं आत घ्या. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात आणि बेळगाव इंग्रजांकडे होतं, पण माणसं पलीकडे जातच होती.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा. इंटिग्रेशन कमी आलं म्हणून गल्ली कमी मोलाची ठरवू नका. आतल्या आत वळणारा बोळ शांत असतो आणि ओळखीतल्या माणसांपुरता राहतो तो त्या कमी आकड्यामुळेच. लाल-निळा नकाशा (लाल म्हणजे इंटिग्रेशन जास्त, निळा म्हणजे कमी) बैठकीत दाखवायचा असेल तर हे आधी बोला. नाहीतर निळ्या गल्ल्या पहिल्यांदा पाडायच्या यादीत जातील.