विश्वास कमी पडतोय का? नाही

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसले. नोकरी गेली, वडील अंथरुणाला खिळलेत, रोज प्रार्थना करता तरी ओझं हलकं होत नाही, "मग माझा विश्वास कमी पडतोय का?" असं तुम्ही विचारलंय. हे तुमच्या मनात आपोआप आलेलं नाही. कुणीतरी तुम्हाला ऐकवलंय. मलाही ऐकवलं होतं, आणि तेही घरातल्याच माणसाने.

आमच्या ह्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या. आम्ही नगर जिल्ह्यातल्या खेड्यात राहतो, डायलिसिस, म्हणजे मशीनवर रक्त शुद्ध करणं, ते शहरात. आठवड्यातून तीनदा, एका वेळी चार तास. ज्यांच्या घरात हे आहे त्यांना पाण्याचं वेगळं सांगायला नको. पाणी अंगात साठतं म्हणून ते मोजून प्यायचं, भाजी उकळून तिचं पाणी फेकून द्यायचं, केळं नाही, शहाळं नाही. उन्हाळ्यात हे तोंडात पाणी घ्यायचे, गुळणी करून थुंकून टाकायचे. तेव्हा माझ्याकडे बघायचे नाहीत.

त्याच उन्हाळ्यात माझे थोरले दीर ह्यांना चंगाईच्या, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या, सभेला घेऊन गेले. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली, ह्यांना बरं वाटलं. दिरांनी तिथल्या तिथे माईक हातात घेऊन साक्षही दिली की माझा भाऊ बरा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभे राहून मला म्हणाले, "आता त्याला मशीनवर नेशील तर प्रभूवर तुझा भरवसाच नाही असं होईल."

मी नेलं. हे नको म्हणत होते, भावाचा शब्द मोडवत नव्हता. मी म्हटलं, गाडी आली आहे, बसा. दवाखान्यात वजन केलं तर अंगात पाणीच पाणी साठलेलं. बरा झाला म्हणून साक्ष दिलेल्या माणसाच्या पायावर सिस्टरने बोट दाबलं तर खड्डा पडला, तो लवकर भरेना. त्या दिवसापासून दिरांचं आमच्याकडे येणं बंद झालं, आणि मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांत, कुजबुज सुरू झाली की हिच्या अविश्वासाने चंगाई गेली.

म्हणून इथे स्पष्ट लिहिते. बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या हातून किती आजारी बरे झाले! तरी तो आपल्या सोबत्याला, तीमथ्याला, पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, आणि दुसऱ्या सोबत्याला, त्रफिमाला, आजारी अवस्थेतच मिलेत शहरात ठेवून पुढे जातो. पौलाचा विश्वास कमी होता का? शुभवर्तमान लिहिणारा लूक तर वैद्यच होता. मिरजेत मिशनरी डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिशनचा दवाखाना उभा केला, आमच्या नगरात मुक्तिफौज या ख्रिस्ती संस्थेचं बूथ हॉस्पिटल आहे. हे सगळं विश्वासातूनच उभं राहिलंय.

तुमचं ओझं हलकं कसं होईल, हा खरा प्रश्न. माझ्यापुरतं सांगते. मला पहिला आधार बायबलमधल्या ८८व्या स्तोत्राने दिला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसता आक्रोश आहे, आणि शेवट काळोखात. बाकीच्या बहुतेक विलापांत शेवटी स्तुतीकडे वळण असतं, इथे तेही नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, म्हणजे देवासमोर असंही बोलता येतं. त्यानंतर मी गोड प्रार्थना करणं सोडलं. रडले, भांडले, आणि मग झोप लागायला लागली.

दुसरा आधार माणसांचा. कांद्याच्या लागणीला मंडळीतल्या चार जणी आल्या, मजुरी घेतली नाही. एक आत्या डायलिसिसच्या दिवशी मुलांना जेवू घालायच्या. त्या आत्या सभेत कधी मोठ्याने प्रार्थना करत नाहीत. "एकमेकांची ओझी वाहा" हे मी त्यांच्या स्वयंपाकघरात पाहिलं.

तेव्हा चर्चच्या पाळकांना नुसतं "आमच्यासाठी प्रार्थना करा" सांगू नका. मंगळवारी दुपारी वडिलांजवळ बसायला माणूस हवाय, असं दिवस-वेळ सांगून मागा. सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत वडिलांचा आजार बसतो का ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, विचारा, रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या. नोकरीचं तुम्हाला इथले दुसरे लोक माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

चंगाई होत नाही असं माझं म्हणणं नाही बरं का. मी आजही रोज रात्री ह्यांच्यासाठी तेच मागते, आणि प्रभू करू शकतो हे मानते. हे अजून मशीनवर आहेत. आणि तुम्हाला जीव नकोसा झाला असेल तर आजच १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, नंबरवर फोन करा. बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याने झुडपाखाली मरण मागितलं तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही, आधी भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं.

ज्याने तुमचा विश्वास मोजला त्याला बायबलमधल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र दाखवा. सात दिवस सात रात्री ते ईयोबाजवळ मुकाट बसले तोवर ठीक होतं. नंतर तोंड उघडून त्याचाच दोष काढायला लागले, आणि शेवटी देवाचा कोप झाला तो त्यांच्यावर, ईयोबावर नाही. हेच मी दिरांना पत्रात लिहिलं. एकदा डायलिसिसला सोबत या, चार तास भावाजवळ बसा, असंही लिहिलं. अजून आलेले नाहीत. पत्र मात्र त्यांनी जपून ठेवलंय, असं जाऊबाई सांगतात.